सहाशे आवाज, पण पट्ट्या कचकड्याच्या

घरी वाजवायला साधासा कीबोर्ड घ्यावा म्हणून भर उन्हात नवी पेठ पालथी घातली, तर प्रत्येक दुकानात पट्टीला बोट लावण्याआधीच 'साहेब, यात सहाशे आवाज आहेत' हे पालुपद ऐकावे लागले. मला संध्याकाळी निवांत भूप वाजवायचा आहे. त्यात हेलिकॉप्टरचा आवाज कुठे बसवू? पट्टी हळुवार दाबली काय किंवा जोरात आपटली काय, स्वर तेवढाच मोठा येत होता, म्हणून टच रिस्पॉन्सविषयी, म्हणजे बोटाच्या जोरानुसार स्वर लहान-मोठा होण्याच्या सोयीविषयी विचारले, तर उत्तर मिळाले, 'या मॉडेलला टचस्क्रीन येत नाही.' धन्य! साडेतीन सप्तकांच्या पेटीवर ज्याचा हात बसला, त्याला ६१ पट्ट्यांची पाच सप्तके पुरतील की पियानोसारख्या जड ८८ पट्ट्याच हव्यात, हे सांगणारा एकही माणूस भेटू नये? आणि एवढे करून किंमत विचारावी, तर स्टँड वेगळा, पेडल वेगळे आणि (हे मात्र कळसच) अडॅप्टरही वेगळा. मग हा कीबोर्ड मी काय चुलीवर चालवू?