वाळलीस की बारीक झालीस?

मे महिन्यातलं लग्न. कार्यालयात आम्ही घामाने निथळत होतो आणि माझी पंधरा वर्षांची भाची लेहेंग्यावर जॅकेट घालून बसलेली. चार बायका एकापाठोपाठ येऊन म्हणाल्या, "अय्या, किती बारीक झालीस! काय करतेस सांग तरी!"

ती काय करत होती ते ताईला आदल्याच आठवड्यात कळलं होतं. डब्यातली पोळी टिश्यूत गुंडाळून दप्तराच्या तळाशी. चार महिने पाळी नाही. कंगव्यात केसांचा पुंजका. हा 'ईटिंग डिसऑर्डर', म्हणजे वजनाच्या भीतीने खाण्याशीच वैर धरायला लावणारा मानसिक आजार.

आजी असती तर म्हणाली असती, "वाळलीस गं, जेवत नाहीस का?" बघितलं असतं तेच, पण तिला काळजी वाटली असती. आपण टाळ्या वाजवतो.

पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरही अंगाने भरलेलं असणं ही चांगल्या घरची खूण मानत. १९९५ मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली, तर वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ च्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के निघालं. तेव्हा इन्स्टा जन्मालाही आलं नव्हतं, म्हणून सगळं खापर मोबाइलवर फोडू नका.

'डाएट' या शब्दाचीच मला आता धास्ती वाटते. ऑस्ट्रेलियात १४-१५ वर्षांच्या मुलामुलींवर झालेला, १९९९ साली छापून आलेला अभ्यास सांगतो की कडक डाएट करणाऱ्या मुलींना हा आजार जडण्याची शक्यता न करणाऱ्यांपेक्षा १८ पट होती. धोका वाढवणाऱ्या गोष्टी आणखीही: स्वभाव 'सगळं परफेक्टच हवं' असा, घराण्यात कुणाला असलाच त्रास, वर्गात 'ढोली' म्हणून चिडवणं. मुलगेही सुटत नाहीत. ते जिमच्या भाषेत 'कटिंग चालू आहे', म्हणजे चरबी उतरवतोय, म्हणतात आणि आपण कौतुक करतो.

एक काका म्हणाले, "नाटकं आहेत, दोन दिवस उपाशी ठेवा." कपाळ माझं! मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे.

आता बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही चालू आहेत. ताई तिन्ही वेळा तिच्यासोबत ताटावर बसते. अर्धी भाकरी संपायला कधी कधी पाऊण तास. मध्यंतरी शेजारीण प्रेमाने म्हणाली, "चेहरा भरला हो!" पोरीने दोन दिवस ताटाला हात लावला नाही. तेव्हापासून ताई येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावते: अभ्यासाचं विचारा, मांजराचं विचारा, अंगाबद्दल अवाक्षर नको.

परवा आत्या आल्या. बराच वेळ गप्प बसल्या. शेवटी राहवेना, तर म्हणाल्या, "मांजर मात्र फार सुटलंय हो तुमचं."

भाची हसली. कितीतरी महिन्यांनी.