जड कीबोर्ड देऊन हलका घेतलेल्या ताईंच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला पण लगेच उत्तर टाकलं नाही, कारण आधी तुमचा जुना कीबोर्ड मागच्या खोलीतनं काढून टेबलावर घ्यायचा होता आणि त्यात काय शिल्लक आहे ते बघायचं होतं. तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की वजन कमी एवढं एकच सांगून दुकानाने खेळणं गळ्यात मारलं, टच मेलेला आहे, पट्टी दाबून धरली तर व्हायब्रेटो (स्वराची थरथर) येत नाही, पियानो कानाला टोचतो, आणि पंधरा वर्षं बसून केलेले साउंड एक्स्चेंजमधे जुन्या मशीनबरोबर गेले. वाचून वाईट वाटलं, कारण यातलं बरंचसं खरं आहे.

आधी वजनाचं बोलतो, कारण मी तिथेच कमी पडलो. तुम्ही विचारलं होतंत की एवढा हलका कसा, आणि मी म्हणालो आता टेक्नॉलॉजी पुढे गेलीये. हे अर्धंच उत्तर होतं. चिप लहान झाल्या हे खरं, पण कीबोर्डचं वजन चिपमधे नसतंच फारसं, ते असतं पट्ट्यांच्या खाली. तुमच्या जुन्या ८८ पट्ट्यांच्या मशीनमधे प्रत्येक पट्टीला जोडून एक छोटी हातोडी आहे, त्या सगळ्या पेलायला खाली जाड पत्रा आहे, आणि वर पॉवर सप्लायही आतच. एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. यामाहाचा मोंटाज ८ हा २०१६ चा, वजन २९ किलो. त्याच घरातला मोडएक्स ८ आला २०१८ मधे, वजन १३.८ किलो, आणि आवाज तयार करणारं इंजिन जवळपास तेच. म्हणजे ते पंधरा किलो आवाजातनं गेलेले नाहीत, ते गेले पट्ट्यांच्या यंत्रणेतनं आणि बॉडीतनं. आफ्टरटच, म्हणजे पट्टी खाली गेल्यावर अजून दाबली की तो दाब ओळखून आवाज बदलायची सोय, मोंटाजला आहे, मोडएक्सला नाही. हलकं करताना कंपन्या सहसा इथेच हात घालतात, आणि तुमच्या नवीन कीबोर्डमधे तर हातोडीच्या जागी स्प्रिंग आली आणि आफ्टरटचही गेला.

आणि तो आफ्टरटच तुम्हाला लागतो हे मला कळायला हवं होतं ताई. तुम्ही दुकानात डेमोला बसलात तेव्हा उजव्या हाताने बासरीचा एक स्वर धरलात, थांबलात, पट्टी अजून दाबलीत, परत दाबलीत, आणि माझ्याकडे बघितलंत. मी तेव्हा फोनवर होतो. मला दिसलं होतं, पण फोन ठेवल्यावर मी विचारलं नाही आणि तुम्ही दुसरा साउंड लावला होतात. त्या क्षणी मी नुसतं म्हणालो असतो की या मशीनच्या पट्ट्यांखाली दाब ओळखणारा सेन्सर नाहीये, तर तुम्ही तिथेच निर्णय बदलला असतात कदाचित. ही माझी चूक, कीबोर्डची नाही आणि तुमची तर नाहीच.

यावर उपाय आहे पण पूर्ण नाही. व्हील (डाव्या बाजूचं फिरवायचं चाक) वापरा असं मी सांगणार नाही, तुमचा डावा हात कॉर्डवर असतो, तो सोडून व्हीलकडे जाणार कसा. एक्स्प्रेशन पेडल (पायाने कमीजास्त करायचं) लावून व्हायब्रेटो त्याच्यावर टाकता येतो, बासरी व्हायोलिनला ते छान चालतं, फक्त पायाला सवय लागायला थोडे दिवस जातात. बोटाच्या टोकाला जे जमायचं ते पायाला तितकं नाजूक जमेल असा दावा मी करत नाही.

पियानो टोचतो याची मात्र दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही घरी बसून बघता येतील. कीबोर्ड तुमचा जोर मोजत नाही, वेळ मोजतो. प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला त्यावरनं १ ते १२७ मधला एक आकडा ठरतो. तुमची बोटं हातोडीच्या वजनाला सरावलेली, तोच जोर स्प्रिंगवाल्या पट्टीवर पडला की ती झपकन खाली जाते, आकडा ११५ च्या वर, आणि मग प्रत्येक स्वराला पियानोचं सगळ्यात जोरातलं सॅम्पल (आत रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज) वाजतं. तेच कर्कश लागतं. सेटिंगमधे व्हेलॉसिटी कर्व्ह (पट्टीच्या वेगाला किती मोठा आकडा द्यायचा ते) हार्ड किंवा हेवीवर टाका आणि दहा मिनिटं नुसता पियानो वाजवा. दुसरं म्हणजे तुम्ही एकच वायर लावून मोनोत वाजवताय असं रिव्ह्यूतल्या फोटोवरनं वाटतंय. आजकालचे पियानो स्टिरिओत रेकॉर्ड केलेले असतात, डावं उजवं एकत्र केलं की काही स्वर पोकळ होतात आणि काही उगाच पुढे येतात. जुन्या मशीनमधे मेमरीच इतकी कमी असायची (कॉर्गचा एम वन, १९८८ चा, त्याचे सगळे मिळून मूळ आवाज ४ एमबीत बसवलेले) की पियानोचं सॅम्पल छोटं आणि साधं असायचं, आणि तेच बँडमधे सगळ्यांच्या वरनं ऐकू यायचं. म्हणून तुमचा जुना पियानो जास्त भरीव होता असं तुम्ही लिहिलंत ते मनाचे खेळ नाहीत. नवीनमधे मोनो पियानो नावाचा पॅच (साठवलेला साउंड) शोधा, असतो बहुतेक मशीनमधे.

आता साउंड. ताई, ते गेलेले नाहीत. मशीन आम्ही विकलेलं नाही, रिसेटही केलेलं नाही. तुमच्या मशीनमधली युजर मेमरी आतल्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते, ती बॅटरी मेली की सगळं पुसलं जातं, म्हणून काल आधी ती मोजली. मीटरवर २.६ व्होल्ट आले, नवी असते तेव्हा ३ च्या थोडं वर दाखवते, म्हणजे फार दिवस उरलेले नव्हते. बॅटरीला हात न लावता आधी मिडीवरनं (कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायची सोय) सिसेक्स डंप, म्हणजे आतल्या सगळ्या सेटिंगची नक्कल, कॉम्प्युटरवर घेतला, तो परत मशीनमधे पाठवून बरोबर आहे का बघितलं, आणि मगच बॅटरी बदलली. तुमचे सगळे पॅच फाइलमधे आहेत, दोन ठिकाणी ठेवलेत.

पण ती फाइल नवीन कीबोर्डमधे उघडणार नाही, हे आताच सांगतो म्हणजे परत तेच व्हायला नको. त्या फाइलमधे आवाज नाहीये, आकडे आहेत, कुठली वेव्ह, फिल्टर किती उघडा, किती वेळात बंद, आणि ते आकडे फक्त त्याच मॉडेलला कळतात. नवीनमधे आणायचे तर वाजवून रेकॉर्ड करावे लागतात. तुमच्या नवीन कीबोर्डला सॅम्पल लोड करायची सोय आहे म्हणून मी तुमचा तो संथ उघडत जाणारा पॅड (लांब धरून वाजवायचा साउंड) करून बघितला, प्रत्येक तिसरा स्वर, हळू आणि जोरात असा दोनदा, दहा दहा सेकंद धरून. तिसराच का, तर एकच स्वर रेकॉर्ड करून सगळीकडे ताणला की वरच्या पट्ट्यांवर फिल्टर भरभर उघडतो आणि खाली रेंगाळतो, तुमच्या पॅडची सगळी मजा तर त्या उघडण्यात आहे. ऐकायला जवळ आलाय, मला सुरुवातीची ती हवा थोडी कमी वाटते, पण कान तुमचा आहे. तुम्ही खरोखर वाजवता ते दहा बारा पॅच निवडून सांगा, बाकीचे मी करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

एका गोष्टीला मात्र मी हो म्हणणार नाही. ते खेळणं नाहीये, आणि जास्त फायदा सुटतो म्हणून ते दिलं हेही खरं नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की जिना चढवताना कंबर धरली आणि त्यानंतर दोन कार्यक्रम सोडावे लागले. ते ऐकूनच मी हलकं सुचवलं. मात्र हलक्यातही हातोडीवाले येतात, वजन तुमच्या जुन्याच्या निम्म्याच्या आसपास, ते तुमच्यापुढे ठेवायचं राहिलं कारण मी एकदम सगळ्यात हलक्याकडे गेलो.

तर असं करा. जुना मशीन तुमचं नाव चिकटवून बाजूला ठेवलाय, तुम्ही येईपर्यंत कुणाला देणार नाही. येताना नवीन कीबोर्ड आणा, सोबत तुमचं सस्टेन पेडलही आणा, नेहमी वाजवता तीच गाणी आणा आणि तासभर काढून या. तिन्ही शेजारी शेजारी लावतो, जुना, तुमचा आणि एक हलका हातोडीवाला. जुनाच परत हवा असेल तर व्यवहार उलटा करू, काही कापणार नाही. दुपारी या, तेव्हा गर्दी नसते, आणि त्या वेळात मी फोन घेणार नाही.