चित्रे संगणकाने नव्हे, हाताने काढली आहेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

माझ्या बालसाहसकथेच्या पुस्तकावरील आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपण चाळीसगावचे निवृत्त कलाशिक्षक असल्याचे आरंभीच नमूद केले आहे, त्यामुळे तिला उत्तर न देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : चित्रे "संगणकाने काढलेली, म्हणून निर्जीव" आहेत आणि "अजिंठ्याच्या सावलीत राहून मुलांची अशी फसवणूक करणे शोभत नाही", कथेची नायिका रेणू हिचा चेहरा पानागणिक बदलतो, गुहेची पाने काळवंडली आहेत, आणि पुस्तकाची किंमत सामान्य घराला परवडणारी नाही.

किमतीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करावी लागते आणि तो खर्च हजारो प्रतींवर वाटला गेला तरच प्रत स्वस्त पडते. मी स्वतःच्या पैशातून मोजक्याच प्रती डिजिटल छपाईने काढल्या. तेथे प्लेटचा खर्च वाचतो, पण प्रतीमागचा दर चढाच राहतो. ज्या सातपुड्यात ही कथा घडते, तेथील एखाद्या आश्रमशाळेतील मुलाला हे पुस्तक सहज विकत घेता येणार नाही, याची खंत मलाही आहे.

मात्र "फसवणूक" हा शब्द मी स्वीकारू शकत नाही, आणि माझे हे उत्तर मुख्यतः त्याच एका वाक्यासाठी आहे. चित्रे डिजिटल पद्धतीने रंगवली आहेत, हे पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर छापलेले असताना मी कोणापासून काय लपवले, हे आपण सांगितलेले नाही. आयुष्यभर वर्गात मुलांची चित्रे तपासलेल्या शिक्षकाने निकाल देण्यापूर्वी "हे कसे केले?" एवढे तरी विचारावे, अशी माझी अपेक्षा होती. आपण विचारले नाही, म्हणून न विचारताच सांगते.

या पुस्तकातील प्रत्येक चित्राची सुरुवात पेन्सिलीने, साध्या वहीत झाली आहे. सातपुड्यातल्या पालच्या जंगलात, सुकी नदीच्या काठी बसून मी झाडांची खोडे, दगडांच्या कडा आणि गुरे वळणाऱ्या मुलांच्या बसण्याच्या तऱ्हा टिपल्या. त्यानंतरचे काम घरी, पडदा नसलेल्या साध्या टॅबलेटवर आणि क्रिता या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये झाले. अशा टॅबलेटवर हात टेबलावर चालतो आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. हात आणि डोळा यांची ही नवी सांगड बसेपर्यंत साधे वर्तुळही नीट जुळत नाही. पेनावरचा दाब वाढवला की रेघ जाड होते, सैल सोडला की बारीक होते, आणि हात थांबला की चित्रही थांबते. कच्ची रेघ, सपाट रंग, सावली, उजेड आणि शेवटी धूळ किंवा धूर, असे एकावर एक थर मी स्वतः चढवले आहेत. ए-फोर आकाराच्या पानाला चहूबाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापली जाणारी जादा कड, धरले, तर 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशेबाने, ते पान सुमारे 2551 गुणिले 3579 पिक्सेलचे होते. त्या रिकाम्या पांढऱ्या पानावर संगणक आपण होऊन झाडाचे एक पानसुद्धा काढत नाही, काडीसुद्धा नाही. दोन ओळींचे वर्णन टंकित केल्यावर चित्र तयार करून देणारी यंत्रणा आज उपलब्ध आहे आणि बहुधा तीच आपल्या मनात असावी. मी ती वापरलेली नाही. माझ्या मूळ फायलींत प्रत्येक थर जसाच्या तसा आहे आणि तो कोणालाही दाखवण्याची माझी तयारी आहे.

"मग कागदावरच का काढले नाही?" असा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरण्याआधीच कडेने वाळू लागतो आणि आकाशात नको तेथे रेषा उठतात. कागदावरचे चित्र छपाईसाठी स्कॅन करावे लागते, त्यात फिकट छटा उडून जातात, आणि चांगल्या स्कॅनसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. शिवाय लेखन, चित्रे, मांडणी आणि खर्च असे सगळेच एका व्यक्तीवर असते, तेव्हा एखादा प्रसंग दिवसाऐवजी रात्री घडवायचा ठरला, तर अख्खे चित्र नव्याने रंगवण्याऐवजी फक्त उजेडाचे आणि सावलीचे थर नव्याने रंगवता येणे ही मोठी सोय असते. ती सोय घेतल्याने श्रम संपले, असे मात्र समजू नये. पडद्यावर रंग प्रकाशातून तयार होतो आणि कागदावर शाईतून. त्यामुळे केळीच्या कोवळ्या पानाचा झळाळता हिरवा आणि पळसाचा पेटता केशरी हे दोन्ही आरजीबीतून, म्हणजे पडद्याच्या रंगांतून, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शायांत, जाताना मलूल होतात. ते पुन्हा जिवंत दिसावेत म्हणून शेजारचे रंग दबवावे लागतात, नमुना छापून उन्हात धरून पाहावा लागतो आणि पुन्हा पडद्यासमोर बसावे लागते. कोणत्याही बटणाने हे होत नाही.

यंत्राने हाताचे काम हिरावले जाणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे वडील अमळनेरला पेंटर होते. दुकानांच्या पत्र्याच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रकच्या मागची अक्षरे हे त्यांचे काम; खडूच्या दोरीने आखणी करून एनामलमध्ये भरलेले त्यांचे अक्षर लांबूनही ओळखू येई. फ्लेक्स आले आणि काही वर्षांतच त्यांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात पडून राहिले. त्या घरात वाढलेल्या मुलीला आपण हाताच्या कामाचे मोल सांगू पाहता, हे मला मनापासून लागले. वडिलांनीच मला रेघ ओढताना मनगट नव्हे तर खांदा हलवायला शिकवले आणि टॅबलेटवर मी आजही तशीच रेघ ओढते. आपण कागदावर कितीही वर्षे शिकवले असेल, पण या साधनावर आपण एकदा तरी पेन टेकवले आहे का, हे आपल्या प्रतिक्रियेवरून दिसत नाही. आणि दिसत नसेल, तर इतक्या ठामपणे बोलण्याचा अधिकार कोठून आला, हा माझा प्रश्न आहे.

अजिंठ्याचा दाखला तर आपण उलटाच लावला आहे. तेथील चित्रकारांनी खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि कोरड्या पृष्ठावर रंग भरले. पुढच्या काळातील लेण्यांत निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द दगड तर अफगाणिस्तानच्या बाजूने आणलेला होता. म्हणजे आपल्या काळात जे उत्तम साधन मिळेल ते दुरून आणून वापरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्याच चाळीसगावचे केकी मूस ब्रश हातात धरत होते आणि कॅमेराही. टेबलावर लहानशी मांडणी करून त्यांनी टिपलेली टेबल-टॉप छायाचित्रे तर ख्यातनाम आहेत. शटर यंत्राने उघडले म्हणून ती निर्जीव ठरली नाहीत. त्यांच्या गावच्या कलाशिक्षकाने साधन पाहून कलेचा निवाडा करावा, याचे मला आश्चर्य वाटते.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. गुहेची पाने गडद आहेत, कारण गुहेत अंधार असतो आणि रेणूच्या हातात एकच टेंभा आहे. पुस्तकाचा मॅपलिथो, म्हणजे चकचकीत लेप नसलेला, कागद शाई थोडी अधिक पितो, हेही त्यामागचे एक कारण आहे. रेणूचा चेहरा बदलतो म्हणाल, तर ती कथेत घाबरते, रुसते, उपाशी राहते आणि शेवटी धाकट्या भावाला पाठीवर घेऊन घाट उतरते. तिचा चेहरा सगळीकडे एकसारखा का असावा? आणि तो बदलतो असे आपले म्हणणे असेल, तर तो यंत्राने छापाप्रमाणे उमटवलेला नाही, हे आपणच मान्य केलेले आहे. ज्या मुलांनी पुस्तक वाचले, त्यांच्यापैकी एकानेही रेणूला ओळखण्यात अडचण आल्याचे मला सांगितलेले नाही.

चित्रे आवडली नाहीत, असे म्हणण्याचा आपला हक्क मी पूर्णपणे मानते. आपल्याला ती निर्जीव वाटली असतील, तर तसे लिहावे. "फसवणूक" हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा. भुसावळला येणे झाले, तर पेन्सिलीच्या वह्या आणि मूळ फायली एकत्र दाखवीन, आणि टॅबलेटही समोर ठेवीन. त्यावर पळसाची एक फांदी काढून पाहावी, आणि मग या पद्धतीबद्दल जे वाटेल ते आपण सविस्तर लिहावे.

आपली,
लेखिका