नळ तुंबल्याचा दाखला हृदयाला लागू पडत नाही

सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे: "रक्तवाहिनी म्हणजे नळ. ब्लॉकेज ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर झटका येत नाही. जास्त असेल तर स्टेंट टाकला की आजार संपला, गोळ्या बंद." (स्टेंट म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळीदार नळी.) हृदयविकाराच्या रुग्णाने यावर विसंबून राहिल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

नळाची भिंत निर्जीव असते. रक्तवाहिनीला मात्र आतून एंडोथेलियमचे, अवघ्या एका पेशीच्या जाडीचे जिवंत अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) भिंतीला चिकटत नाहीत. (या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले.) धूम्रपान, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाने हे अस्तर बिघडले की एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, झिरपून साठू लागते, तेही पोकळीत नव्हे, तर भिंतीच्या पोटात. या साठ्यालाच प्लाक म्हणतात.

७० टक्क्यांचे विधान सर्वांत घातक आहे. प्लाक वाढताना वाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते; संशोधक ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की, प्लाकने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही, आणि अँजिओग्राफीत (वाहिन्यांच्या क्ष-किरण तपासणीत) दिसते ती केवळ ही वाट. अस्थिर प्लाकमध्ये चरबीचा मऊ गाभा असतो आणि त्यावरचे तंतुमय आवरण ६५ मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचे असते. गाभ्याजवळ जमलेल्या दाहक पेशी आवरणातले कोलॅजन (त्याला बळकटी देणारे प्रथिन) विरघळवत राहतात. एखाद्या क्षणी आवरण फाटते, आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो आणि गुठळी धरते. काल ४० टक्केच अरुंद दिसलेली जागा आज पूर्ण बंद होऊ शकते. तीव्र अरुंदपणा धोक्याचा नाही, असे मात्र मी म्हणत नाही.

झटका आलेला असताना स्टेंट जीव वाचवतो, याविषयी वाद नाही. परंतु स्थिर आजाराच्या २,२८७ रुग्णांवरील 'करेज' चाचणीत (२००७) औषधांना स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. स्टेंट एक जागा उघडतो; बाकीच्या वाहिन्यांमधला प्लाक तसाच राहतो, आणि त्याचे आवरण बळकट करण्याचे काम स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) करते. शिवाय स्टेंटच्या उघड्या धातूवर एंडोथेलियमचे नवे अस्तर चढायला काही आठवडे ते महिने लागतात, आणि तोवर त्यात गुठळी होऊ न देण्याचे काम रक्त पातळ ठेवणाऱ्या त्याच गोळ्या करतात, ज्या हा संदेश बंद करायला सांगतो.