ठिबकणारी लघवी म्हणजे रिकामे मूत्राशय नव्हे

अपघातात जखमी होऊन लघवी आणि शी यांवरचा ताबा गमावलेल्या मांजराची काळजी कशी घ्यावी, हे सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर सर्वत्र फिरत आहे. त्यातील सूचना थोडक्यात अशा: लघवी आपोआप ठिबकत असेल तर मूत्राशय रिकामे होत आहे असे समजून डायपर लावावे, पाणी कमी द्यावे, वेदनेसाठी माणसांची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यावी, कमरेला कोमट तेलाने मालिश करावे, मागचा भाग जंतुनाशकाने धुवावा, शी न झाल्यास औषधाच्या दुकानातला एनिमा द्यावा, आणि सात दिवसांत ताबा परत आला नाही तर मांजर कायमचे निकामी झाले असे मानून त्याला मरण द्यावे. हा संदेश माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला. तिच्या बोक्याच्या शेपटीवरून वाहनाचे चाक गेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला लेखी सूचनांचा जो आधार वाटतो तोच तिलाही वाटला. मी तिच्याकडे गेले तेव्हा बोक्याला डायपर लावलेले होते, पाण्याचे भांडे उचलून ठेवलेले होते आणि त्याच्या पोटात मोसंब्याएवढे टणक मूत्राशय हाताला लागत होते. म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या सूचनेविषयी सर्वांत अधिक बोलायला हवे, कारण बाकीचे बरेचसे नुकसान तिच्यातूनच सुरू होते. शेपूट जोरात ओढली गेली किंवा चाकाखाली सापडली, की त्रिकास्थी (कमरेच्या मणक्यांच्या मागचे, शेपटीच्या आधीचे हाड) आणि शेपटीचे मणके यांच्या सांध्यापाशी मोड होतो किंवा मणके सरकतात. त्या ओढीने मूत्राशय, गुदद्वार आणि शेपूट यांना जाणारे मज्जातंतू ताणले जातात, कधी तुटतात. अशा वेळी मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावत नाही, पण मूत्रपिंडे मात्र लघवी तयार करीतच राहतात. मूत्राशय तुडुंब भरते, आतला दाब मूत्रमार्गाच्या तोंडाला पेलेनासा होतो आणि वरची थोडी लघवी बाहेर सांडते. काठोकाठ भरलेल्या घागरीतून पाणी ओघळावे तसा हा प्रकार आहे. ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहून घागर रिकामी झाली असे कोणी म्हणत नाही. डायपर ओले दिसते आणि घरातल्यांना हायसे वाटते, तेवढ्यात आत साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि सतत ताणलेल्या मूत्राशयाच्या स्नायूतले तंतू एकमेकांपासून सुटतात. हे दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण पुढे मज्जातंतू सावरले तरी तो सैल पडलेला स्नायू आकुंचन पावू शकेल याची खात्री उरत नाही. म्हणजे जे मांजर बरे होऊ शकले असते, तेही केवळ मूत्राशय वेळेवर रिकामे न केल्यामुळे अधू राहू शकते.

यावर उपाय एकच आहे: मूत्राशय नियमितपणे रिकामे करणे. पशुवैद्य आधी तपासणी करून मूत्राशय फुटलेले नाही आणि मूत्रमार्ग अडलेला नाही याची खात्री करतात. त्यानंतर हाताने दाबून लघवी कशी काढायची हे त्यांच्यासमोर, त्यांच्या हाताखाली शिकून घ्यावे लागते. मांजराला उभे करून किंवा कुशीवर निजवून, मागच्या पायांच्या पुढे पोटाच्या खालच्या भागात पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लागणारे मूत्राशय बोटांच्या सपाट भागाने धरायचे आणि शेपटीच्या दिशेने संथ, एकसारखा दाब द्यायचा. बोटांची टोके रुतवायची नाहीत, झटका द्यायचा नाही, आणि धार सुरू झाल्यावर मूत्राशय हाताखाली लहान व मऊ होईपर्यंत दाब सोडायचा नाही. दिवसातून साधारण तीन ते चार वेळा हे करावे लागते. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्यांच्या बाबतीत ते कठीण जाते. धार येत नसेल तर जोर वाढवू नये, कारण तट्ट भरलेले मूत्राशय फुटू शकते. लघवी अजिबात बाहेर पडत नसेल तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय थांबण्याचा धोका एक-दोन दिवसांतच उभा राहतो, आणि तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहत बसू नये. डायपरबद्दल एवढे मान्य करायला हवे की अंथरूण कोरडे ठेवायला त्याचा उपयोग होतो, पण ते वारंवार बदलले नाही तर लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि चिघळते.

पाणी कमी करण्याची सूचना याच चुकीच्या समजुतीतून आलेली आहे. पाणी कमी दिल्याने ताबा परत येत नाही. लघवी अधिक दाट होते, शी कडक होते आणि अपघातातून सावरणाऱ्या शरीरावरचा ताण वाढतो. अशा मांजराला उलट ओले अन्न आणि भरपूर पाणी हवे असते.

पॅरासिटामॉलच्या सूचनेने मला सर्वांत अधिक राग आला, कारण बाकीच्या चुका पुष्कळदा सुधारता येतात आणि ही अनेकदा येत नाही. हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाच्या यकृतात सहज होते, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. त्यामुळे विषारी घटक साचतात, रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी ४ किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे ६० मिलिग्रॅमहून अधिक औषध त्याच्या पोटात जाते, आणि याहून बऱ्याच कमी मात्रेनेही मांजरांना विषबाधा झालेली आहे. कोणी अशी गोळी देऊन बसले असेल तर लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्याकडे जावे. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगी पडतो. आयब्युप्रोफेनही तितकेच टाळावे. मांजरांसाठी वेगळी वेदनाशामके असतात आणि ती पशुवैद्यच देतात.

मालिशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: मणका मोडलेला किंवा सरकलेला असू शकतो अशा प्राण्याच्या कमरेवर एक्स-रे काढण्यापूर्वी कोणताही दाब देऊ नये. फिनॉल वर्गातली जंतुनाशके मांजरांसाठी विषारी असतात आणि मांजर ती चाटते. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करणे पुरेसे आहे.

शी अडकण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. मज्जातंतू दुखावल्यावर काही मांजरांची शी आपोआप पडत राहते आणि काहींची आतड्यातच साठून दगडासारखी होते. दुसऱ्या प्रकारात उपचार न केल्यास मोठे आतडे कायमचे फुगून बसते. त्यामुळे दोन-तीन दिवस शी झाली नाही तर काही करायला हवे हे खरे, पण ते दुकानातला एनिमा आणणे नव्हे. माणसांच्या अनेक तयार एनिमांमध्ये सोडियम फॉस्फेट असते आणि त्याने मांजराच्या रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली येऊन झटके येऊ शकतात, मृत्यूही ओढवू शकतो. लॅक्ट्युलोजसारखे शी मऊ करणारे औषध किती द्यायचे ते पशुवैद्य सांगतात.

शेवटची सूचना सात दिवसांची. ही मुदत कोठून आली याचा उल्लेख संदेशात नाही. स्मीक आणि ओल्मस्टेड यांनी १९८५ साली ‘व्हेटरिनरी सर्जरी’ या नियतकालिकात नेमक्या याच दुखापतीच्या ५१ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून हाती येणारी मर्यादा सुमारे एका महिन्याची आहे. ज्या मांजरांची लघवी महिन्याभरात सुरळीत झाली नाही, त्यांचा ताबा पुढेही परत आला नाही. या निष्कर्षाची दुसरी बाजू ही, की महिना संपण्यापूर्वी आशा सोडण्याला आधार नाही. शेपटीच्या बुंध्याशी चिमटा घेतल्यावर मांजराला वेदना जाणवत असेल, म्हणजे ते ओरडत किंवा वळून पाहत असेल, तर ते चांगले लक्षण मानले जाते. नुसता पाय आखडून घेणे ही जाणीव नव्हे, ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. ही चाचणी घरी करू नये.

काही मांजरे बरी होत नाहीत, हे मी नाकारत नाही. ज्यांची वेदना आटोक्यात येत नाही, किंवा ज्यांचे मूत्राशय आयुष्यभर हाताने रिकामे करणे घरातल्यांना खरोखरच शक्य नाही, त्यांच्याबाबत पशुवैद्याशी बोलून वेदनारहित मरणाचा निर्णय घेणाऱ्या कोणालाही मी दोष देणार नाही. मात्र ताबा नसणे आणि यातना असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज ठरल्या वेळी मूत्राशय रिकामे केले जाणारी, खाणारी, अंग चाटून साफ करणारी आणि माणसाजवळ येऊन बसणारी मांजरे वर्षानुवर्षे जगतात.

माझ्या बहिणीच्या बोक्याचा आज सतरावा दिवस आहे. ती सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला त्याची लघवी काढते, तिचा रंग आणि वास पाहते, गढूळपणा किंवा रक्त दिसले तर लगेच पशुवैद्यांना कळवते. त्या संदेशाप्रमाणे वागली असती तर तो दहा दिवसांपूर्वीच गेला असता. त्याचा ताबा अजून परत आलेला नाही आणि महिना संपायला तेरा दिवस बाकी आहेत.