‘शाळकरी’ चित्रांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय किंवा महोदया (नाव लिहिलं नाहीत, तेव्हा दोन्ही),

नॉर्मल वितरणाची, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राची (बेल कर्व्हची), गणितं कशी सोडवावीत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री. तेव्हाच उत्तर द्यायला बसलो असतो तर ते छापण्याजोगं झालं नसतं, म्हणून सकाळी पुन्हा वाचली. फारसा फरक पडला नाही.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचे आक्षेप चार. मी ‘नॉर्मल (५०, २५)’ असं लिहिलं, पण २५ म्हणजे काय ते सांगितलं नाही. त्याच उदाहरणात, म्हणजे शंभर नाणेफेकींत साठ किंवा जास्त छापे पडण्याच्या, अर्ध्याची दुरुस्ती केली नाही (ती काय असते ते खाली येईल). रांगेत थांबण्याच्या वेळेला नॉर्मल लावलं, तिथे घातांकी वितरण (सुरुवातीला उंच आणि पुढे उतरत जाणारं) हवं होतं. आणि शेवटचा, तुमच्याच शब्दांत: ‘दर गणिताला बेल कर्व्ह काढून रंगवत बसणं हा शाळकरी प्रकार आहे. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ लिहिली की उत्तर मिळतं. सहा चित्रं काढून वाचकाचा वेळ का खाता?’

पहिला आक्षेप मान्य. चूक माझी. कंसातला पहिला आकडा सरासरी आणि दुसरा प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाचा) वर्ग असतो, म्हणजे इथे प्रमाण विचलन ५, हे मी गृहीत धरलं आणि लिहायचं राहून गेलं. कोणी २५ हेच प्रमाण विचलन धरलं, तर ६० च्या पुढची संभाव्यता ०.०२२८ ऐवजी ०.३४४६ येईल. पन्नासात एकदा घडणारी गोष्ट तीनात एकदा घडू लागेल. तेव्हा दाखवून दिलंत याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत. पुढचं जरा कमी मनापासून आहे.

‘शाळकरी’. तुम्हाला ‘अनावश्यक’ म्हणता आलं असतं, ‘लांबलेलं’ म्हणता आलं असतं. तेवढं म्हटलं असतंत तर मी मान डोलावून गप्प बसलो असतो, कारण लेख लांबलाय हे मलाही दिसतं. पण शाळकरी म्हणजे काय? शाळेत शिकवतात ते मोठेपणी सोडून द्यायचं असतं, असं का? आणि वेळ खाल्ल्याबद्दल म्हणाल, तर सहावं चित्र लेखाच्या तळाशी आहे. तुम्ही तिथवर पोचलात म्हणजे वेळ तुमच्याच राजीखुशीने गेला.

मी चित्राला का चिकटून आहे ते सांगतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षी पेपरात एक अगदी सोपं गणित होतं. सरासरी ५०, प्रमाण विचलन १०, तर ४५ पेक्षा कमी येण्याची संभाव्यता किती? झेड (सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन) काढला: उणे अर्धा. वक्राखालच्या क्षेत्रफळांचं टेबल उघडलं, ०.५० समोर ०.१९१५ दिसलं. आमचं टेबल मधल्या रेषेपासून मोजणारं होतं, सगळ्यात डावीकडून मोजणारं नव्हतं, एवढं मला माहीत होतं. म्हणून हुशारी करून त्यात ०.५ मिळवले, ०.६९१५ असं उत्तर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पेपर परत मिळाला तेव्हा सरांनी लाल पेनाने नुसती फुली मारलेली नव्हती. समासात एक घंटा काढून ठेवली होती, मधोमध उभी रेघ आणि तिच्या डावीकडे बोटभर अंतरावर दुसरी रेघ. रंगवलेलं काहीच नाही. वर्गात मला पुढे बोलावून पेन हातात दिलं आणि म्हणाले, ‘रंगव.’ मी दुसऱ्या रेघेच्या डावीकडचा तुकडा रंगवला. ‘हा अर्ध्याहून मोठा आहे का रे?’ एवढंच विचारलं. नव्हता. उत्तर ०.५ मधून ०.१९१५ वजा करून ०.३०८५ होतं, आणि ते कळायला टेबलच काय, आकडासुद्धा लागत नव्हता. ४५ हे ५० च्या डावीकडे आहे, बस.

आता तुम्ही म्हणाल, हा टेबलाचा घोळ आहे, फंक्शनला असा घोळ होत नाही. हेच ऐकायची वाट बघत होतो.

काही वर्षं मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काढली. पिशव्या भरणारं एक यंत्र होतं. सरासरी ५०० ग्रॅम, प्रमाण विचलन २ ग्रॅम, आणि ५०३ च्या वर गेलेली पिशवी बाजूला काढायची. किती पिशव्या बाजूला जातील याची शीट तयार होती, तुमच्या त्या एका ओळीची. त्या फंक्शनला शेवटी एक शून्य किंवा एक द्यावा लागतो. एक दिला तर ते डावीकडून तिथपर्यंतचं क्षेत्रफळ, म्हणजे संभाव्यता देतं, शून्य दिला तर त्या जागी वक्राची उंची, म्हणजे घनता. शीटमध्ये शून्य होता. उत्तर आलं ०.०६४८.

खरं उत्तर ०.०६६८.

बघा आता. दीड सिग्माला (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) प्रमाणित वक्राची, म्हणजे सिग्मा एक असलेल्या वक्राची, उंची ०.१२९५ असते आणि त्याच्या उजवीकडचं शेपूट, म्हणजे तिथून पुढचं क्षेत्रफळ, ०.०६६८. म्हणजे उंची शेपटाच्या जवळजवळ दुप्पट, आणि आमचा सिग्मा नेमका २, त्यामुळे उंचीला दोनने भाग गेला आणि चुकीची गोष्ट बरोबर गोष्टीच्या शेजारी येऊन बसली. शंभरात साडेसहा पिशव्या बाजूला काढल्या जातील असं शीट म्हणायची, आणि प्रत्यक्षातही साडेसहा-पावणेसातच निघायच्या. कित्येक महिने कोणाला शंका आली नाही. एकातून वजाबाकी करायची असते तीसुद्धा कोणी केलेली नव्हती, पण आकडा आपल्याला हवा तसा लहान होता ना!

मग तीच शीट दुसऱ्या विभागात गेली. तिथे २० मिलिमीटरच्या दांड्या, प्रमाण विचलन ०.०२, मर्यादा २०.०३. पुन्हा दीड सिग्माच. शीटने सांगितलं: संभाव्यता ६.४८. एका माणसाने बराच वेळ ती टक्केवारी असावी असं मानून काम चालवलं, आणि गंमत म्हणजे तेही जवळपास जमत होतं. उंची एकाच्या वर जाऊ शकते, याचं माणसाला नवल वाटत नाही तोवर घनता आणि संभाव्यता वेगळ्या असतात हे डोक्यात शिरत नाही. शून्य ते अर्ध्यापर्यंतचं एकसमान वितरण घ्या. रुंदी अर्धी, क्षेत्रफळ एक व्हायला हवं, तर उंची दोन ठेवावीच लागते. एका आयताचं चित्र. शाळकरी!

ती शीट कोणी बनवली होती हे इथे महत्त्वाचं नाही. (मीच.) त्या दिवशी चित्र काढलं नव्हतं.

अजून एक, कारण तुमच्या ‘एक ओळ’ या शब्दांनी मला झोप लागली नाही. वरच्या दहा टक्क्यांत यायला किती गुण लागतील? सरासरी ५०, प्रमाण विचलन १०. उलटं फंक्शन (क्षेत्रफळ दिलं की आकडा सांगणारं) उघडा आणि दहा टक्के म्हणून ०.१० भरा. ते निमूटपणे ३७.२ सांगेल. म्हणजे सरासरीपेक्षा तेरा गुण कमी मिळवणारा वरच्या दहा टक्क्यांत! फंक्शनचं काही चुकलं नाही, त्याला डावीकडचे दहा टक्के विचारले, त्याने डावीकडचे सांगितले. भरायचं होतं ०.९०, उत्तर होतं ६२.८. मी कितीतरी जणांना ३७.२ लिहिताना पाहिलंय, आणि त्यातल्या एकानेही उजवीकडचं शेपूट आधी रंगवलेलं नव्हतं. अपवाद दाखवा, मी लेख काढून टाकतो.

आणि टेबलांना नाक मुरडण्यापूर्वी हेही ऐका. घंटेच्या या वक्राखालचं क्षेत्रफळ नेहमीच्या फलांमध्ये नेटक्या सूत्राने लिहिताच येत नाही, म्हणून ते आकडे कोणीतरी बसून काढावे लागले. द म्वाव्ह्र या गणितज्ञाने १७३३ मध्ये नाणेफेकींच्या बेरजा करताना हा वक्र वापरला. पुढे १७९९ मध्ये क्राम्प या गणितज्ञाने या क्षेत्रफळाचं टेबल छापलं, ते ताऱ्यांचा प्रकाश वातावरणातून येताना किती वाकतो याच्या हिशेबासाठी. शाळेतल्या पोरांसाठी नव्हे. तुमच्या स्प्रेडशीटच्या पोटातही शेवटी तेच आकडे काढण्याची एक पद्धत बसलेली आहे, फक्त तुम्हाला ती दिसत नाही.

राहिले दोन आक्षेप, ते पटकन उरकतो.

थांबण्याची वेळ. सरासरी ४० मिनिटं, प्रमाण विचलन २०, तर नॉर्मल वक्रानुसार २.२८ टक्के लोकांचा नंबर ते रांगेत येण्याआधीच लागतो, असं तुम्ही चिमटा काढत लिहिलंत. बरोबर आहे, लागतो. पण प्रश्न साठ मिनिटांच्या पुढचा होता, शून्याच्या अलीकडचा नव्हता. आणि तुम्ही सुचवलेल्या घातांकी वितरणात सरासरी आणि प्रमाण विचलन सारखंच असतं. माझं एक ४० आणि एक २०. तेव्हा तुमचंही बसत नाही. नॉर्मलने साठच्या पुढे ०.१५८७ येतं, घातांकीने ०.२२३१. दोघांत खरं कोण, ते आकडे गोळा केल्याशिवाय ना तुम्हाला कळणार, ना मला. विषय संपला. (घातांकी वितरणात अर्धे लोक सरासरीच्या आत म्हणजे ४० नव्हे, तर २८ मिनिटांच्या आतच मोकळे होतात, हेही त्याचं उतरतं चित्र काढलं की चटकन दिसतं. राहवलं नाही म्हणून सांगितलं.)

अर्ध्याची दुरुस्ती. ही मला माहीत नाही असा तुमचा सूर आहे. माहीत आहे. नाणी मोजून येतात, ५९ नंतर एकदम ६०, मधे काही नाही. म्हणून साठाचा खांब ५९.५ पासून सुरू होतो असं धरायचं, झेड २ ऐवजी १.९ येतो, आणि ०.०२२८ ऐवजी ०.०२८७ मिळतं. विषयाची ओळख करून देणाऱ्या पहिल्या लेखात एवढ्या खोलात जायची गरज नव्हती असं मला वाटलं, अजूनही वाटतं. फरक तिसऱ्या दशांश स्थळी सहाचा.

हे लिहून झाल्यावर खात्रीसाठी नेमकं उत्तर काढून बघितलं, शंभर नाण्यांचं, कुठलाही वक्र न वापरता. ०.०२८४ आलं. म्हणजे माझं उत्तर एक पंचमांशाने कमी होतं आणि तुमचं जवळजवळ नेमकं. हे तुम्ही प्रतिक्रियेत एका ओळीत लिहून मोकळे झालात, आणि मग शाळकरीपणावर पाच ओळी खर्च केल्यात. उलटं केलं असतंत तर आज सकाळी मी इतकं लिहिलं नसतं.

नॉर्मल (५०, २५) ची ओळ लेखात दुरुस्त केली आहे. चित्रं सहाच्या सहा तशीच आहेत. सातवं रात्रीपर्यंत टाकतो: साठाचा खांब, ५९.५ पासून उजवीकडे रंगवलेला.

आपला,
लेखक

ता. क. पुढच्या वेळी नाव लिहा. म्हणजे निदान महोदय की महोदया एवढं तरी कळेल.