विंडोज १० वर परत जायचंय? मग या, बसा!

नवीन विंडोज ११ चा कंटाळा आला म्हणता? अहो मग जा की जुन्यावर परत, सोय ठेवलीय ना तुमच्यासाठी. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. फक्त माझा सल्ला ऐकून जा.

अजिबात घाई करू नका. अपग्रेड केल्यापासून चांगले १० दिवस मिळतात, नंतर बटण गायब. तोवर प्रिंटर-बिंटर चालवणारी सॉफ्टवेअरं, म्हणजे ड्रायव्हर, शोधत बसा.

बॅकअप घेऊ नका, भित्र्या माणसांची कामं ती.

यूपीएसची गरज नाही. गोव्यात लाईट कुठे जाते?

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली शोधून ठेवू नका, निळा स्क्रीन आला की आठवेल आपोआप.

बटण सापडलंच तर आधी विचारतील का जाताय, मग म्हणतील जाण्याआधी अपडेट बघता का. पाहुणा चप्पल घालून दारात उभा आणि हे म्हणतात अजून एक घावन वाढू?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीन दुकानात न्या. मी म्हापशाला नेलं. जत्रेचं नाटक तोंडावर, संहितेच्या प्रती काढायच्या, प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून बसलाय आणि कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाईन. म्हटलं बाबा फक्त जुनं विंडोज परत घालून दे, मुदत आहे अजून. तो म्हणाला, "टेन्शन नाका पात्रांव, सी ड्राइव्ह फुल्ल जाला, क्लीन करून दितां." आणि केलं की क्लीन! विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर, ज्यात जुनं विंडोज अख्खं ठेवलेलं असतं, ज्याच्याशिवाय परत जाताच येत नाही, तोच उडवला, आणि वर मला म्हणतो आता फॉरमॅट मारावा लागेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून घाबरवून अपग्रेड करायला लावलं ते पण ह्यानेच. घरगुती वापरणाऱ्यांना सिक्युरिटी अपडेट अजून वर्षभर मिळायची सोय होती, ते का नाही सांगितलं? सांगितलं तर धंदा बुडतो?

अरे, डिलीट करायच्या आधी एकदा विचारायला काय जीभ झडते काय तुमची? मशीन गिऱ्हाईकाचं आहे, तुमच्या बापाचं नाही. फोल्डर कसला ते कळत नसेल तर हात लावू नका ना त्याला! आणि वर क्लीनिंगचे पैसे कसले मागता?